शिमग्याचं मागू नये

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर ओट्यावर खिडकी उभी होती.

खिडकी म्हणजे चौकट, दोन झडपा, पितळी बोल्ट आणि वर अर्धगोलात निळी-तांबडी काच, असा सगळा संसार. भिंत तेवढी नव्हती. जास्वंदीला टेकून ती अशी उभी होती, की शेवटच्या एसटीनं आली असावी आणि आम्हाला उठवायचा तिला संकोच वाटला असावा.

मी कुमुदला हाक मारली. ती ओले हात पुसत आली. आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही मागवलीत?"

"मी खिडक्या मागवतो का?"

"निवृत्त झाल्यापासून तुम्ही काय मागवाल याचा नेम नाही."

"मी नाही मागवली."

"मग निदान बंद तरी करा," ती म्हणाली. "वारा येतोय."

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याआधी तीस वर्षं मी एका दैनिकात दर रविवारी लोकांना हसवण्याचं काम करत होतो. लोक हसत होते, असं संपादक सांगत. स्वतः संपादकांना हसताना मी पाहिलं नाही. निवृत्तीनंतर आम्ही रोह्याच्या पलीकडे, खाडीकाठी शिरवंड गावात एक छोटं घर बांधलं. घराला लागूनच जांभ्या दगडाचं एक लांबरुंद जोतं होतं. त्याच्यावर रान माजलेलं, आणि समोर पाच रुंद पायऱ्या. त्या चढून गेलं की माणूस कुठेच पोचत नसे.

गाव त्याला 'तेल्याचा बंगला' म्हणे. बंगला नव्हता, पण नाव होतं. तो शिरवंडकरांचा. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, बोलीत शनवारतेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. त्यांच्यातले एलिजा ओव्हरसियर पेन्शनीत निघाले तेव्हा त्यांनी आंब्यांच्या बागेत हा बंगला बांधला. पुढे एकेक करून सगळं कुटुंब इस्राएलला गेलं. मागे राहिली त्यांची मुलगी मिलकाबाई. ती शाळा तपासनीस होती, लग्न केलेलं नव्हतं. ती वारली आणि बंगला पडला. एवढाच इतिहास मला मिळत होता. कोणालाही विचारा, "पडला."

"कसा पडला?"

"पावसात."

"अहो, खाली दगड तरी राहतील की नाही? कौलं, वासे?"

"पाऊस लई होता, काका."

मला लेखासाठी विषय हवा होता. मी टोपी घातली, टेप घेतली, बगलेत खाकी फाइल मारली आणि जोतं मोजू लागलो. टोपी, टेप आणि फाइल हे तिघं कोकणात एकत्र दिसले, की त्याचा अर्थ भूसंपादन असा होतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यातच पेणच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला मिलकाबाईंच्या भाचीचा, म्हणजे भावाच्या मुलीचा, फोन नंबर मिळवून दिला. एस्तेरबाई. राहणार अश्दोद, इस्राएल. मी फोन केला. पलीकडून अगदी माझ्या आजीच्या काळातली मराठी आली: "अगबाई! शिरवंडहून बोलता? खाडीला पाणी आहे ना अजून?"

बाई फाल्गुन संपता संपता मुंबईला यायच्याच होत्या. मग शिरवंडलाही येते म्हणाल्या. रविवारी, कारण शनिवारी प्रवास नाही. मी आनंदानं खरिवल्यांच्या दुकानात गेलो. मारुती खरिवले हा गावचा सरपंच आणि किराणा दुकानदार. चारचौघांत मी बातमी दिली, "बंगल्याची मालकीण येतेय, इस्राएलहून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी आली.

तिसऱ्या दिवशी जिन्याचा कठडा आला. मग सागवानी कपाटाचं एक दार, मग दुसरं, वेगवेगळ्या आळ्यांतून. मंगलोरी कौलांची चळत. संगमरवरी पाटा. एक हार्मोनियम, तिच्या भात्यात उंदरांनी बाळंतपणं केलेली. आणणारे भल्या पहाटे येत आणि ठेवून जात. एखादा हातात सापडलाच तर म्हणे, "माळ्यावर सापडली, काका. आमाला म्हाईतच नव्हती."

"पण हिला तर कालच रंग दिलाय."

"तेच ना. रंग देताना सापडली."

मी खूश होतो. लेख आपल्या पायांनी घरी येत होता. कुमुद मात्र आल्या-गेल्या वस्तूला वळसा घालून झाडू मारी. एकदा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढं सगळं सापडतंय. म्हणजे हरवलं कोणाचं?"

"अगं, पडझडीत लोकांनी उचलून नेलं असेल."

"हार्मोनियम पडझडीत पडून एवढी शाबूत राहते?"

मला हार्मोनियमवर एक चांगलं वाक्य सुचत होतं.

त्या संध्याकाळी सरपंच खरिवले स्वतः आला. मागे दोन माणसं एक मोठी लाकडी खुर्ची घेऊन. खुर्ची ओट्यावर ठेवून त्यानं तिच्यावर फडका मारला.

"ही आमच्या ग्रामपंचायतीची. म्हणजे बंगल्याची. म्हणजे सरपंचाची खुर्ची. माझे वडील बसायचे, आता मी. पण बाई येतायत तर म्हटलं..."

"बसा सरपंच. चहा घ्या. मला एकदा सांगून टाका, हे गावभर कसं गेलं?"

तो खुर्चीवर बसणार होता, मग पायरीवर बसला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं? शिमगा."

"म्हणजे?"

"काका, तुम्ही पुण्याचे. आमच्याकडे होळीचं लाकूड विकत घेत नाहीत. चोरतात. कोणाचं कुंपण, कोणाची मोडकी गाडी, कोणाच्या गोठ्याचा वासा. पोरं उचलतात, मालक शिव्या देतो, सगळे हसतात, मालकही हसतो. ती चोरी नाही. आमची म्हण आहे, शिमग्याचं मागू नये. मागेल तो गावाबाहेरचा."

"आणि मिलकाबाई?"

"लई हौशी! दर शिमग्याला काही ना काही न्यायला लावायची. 'या रे, काय नेताय आज?' असं हसून. अशी बाई होणे नाही."

मी चहा गार होऊ दिला. इस्राएलची भूमी सोडून कोकणच्या होळीसाठी आपलं घर फळीफळीनं गावाला वाटून टाकणारी एकटी बाई! रात्री जेवण होईस्तोवर माझी चार पानं लिहून झाली होती. कुमुदला वाचून दाखवली. ती दोनदा हसली. मग म्हणाली, "गोड झालंय. खरं आहे का?"

"सरपंचानं स्वतः सांगितलं."

"म्हणून विचारलं."

येण्याच्या आधीच्या गुरुवारी एस्तेरबाईंचा फोन आला. मी त्यांना कठडा, कपाट, खिडक्या सगळं आनंदानं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "सामान नको हो मला. वय झालं, ठेवू कुठे? मला एकच गोष्ट हवी. पुढच्या दाराची चौकट आहे का?"

"चौकट?"

"आत जाताना उजव्या हाताला, जरा तिरपी ठोकलेली, बोटाएवढी पितळेची नळी. मेझुझा म्हणतो आम्ही. आत देवाचं वचन असतं लिहिलेलं. आमच्या प्रत्येक घराच्या दाराला असतो. येताजाता हात लावून बोटं ओठांना लावायची. आजोबांनी स्वतः ठोकला होता. आम्ही निघालो तेव्हा बाबांनी मागितला, तर आत्या म्हणाली, घरात मी आहे तोवर तो इथंच राहील. आता ती नाही, घर नाही. तो मिळाला तर अश्दोदला माझ्या दाराला लावीन. त्याच्यासाठीच येतेय म्हणा ना."

मी तडक दुकानात गेलो. सरपंच तूरडाळ मोजत होता. पुढच्या दाराचं नाव काढल्यावर त्याचा हात थांबला.

"दार धाकू शेडग्याकडं आहे," तो म्हणाला. "त्याला दोनदा निरोप दिला. देत नाही."

"का?"

"म्हातारा आहे. डोकं फिरलंय." डाळ पुन्हा ओतली. "तुम्ही बघा बोलून. तुम्ही शिकलेले."

धाकू शेडगे वरच्या आळीत राहायचा. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे सारवलेलं अंगण आणि ते दार. दुहेरी, सागवानी, सूर्यफुलं कोरलेलं. त्या घराला दार लावलंय असं वाटत नव्हतं, दाराला घर लावलंय असं वाटत होतं. उजव्या बाजूला ती नळी होती. पितळ दिसतच नव्हतं, इतका कुंकवाचा थर.

धाकू अंगणात काथ्या वळत होता. सत्तरीचा, हडकुळा, एका डोळ्यात मोतीबिंदू.

"राम राम, धाकूदादा."

"या. हितंच बसा बाहेर."

"या नळीला कुंकू कोण लावतं?"

"घरातलं समदेच. नव्या सुनेला पयला त्येच शिकवतो. बायचा देव हाय त्यात. आमी त्याला उपाशी नाय ठेवला."

"मग आता त्याला त्याच्या माणसांकडे जाऊ द्या. बाईंची भाची येतेय. तिला दाराचं काही नको, पण चौकटीसकट तिच्या समोर ठेवू. मी तुम्हाला नवं दार करून देतो."

"दाराचं काय नाय ओ. ते मी सोता आनून देतो."

"मग?"

त्यानं काथ्या खाली ठेवला. बोलायला लागला तो माझ्याकडे न बघताच.

"पयल्या साली आमी फाटक नेलं. ते जाळलं. देवाशपथ जाळलं. बाय भायेर आली, इंग्रजीतनं शिव्या दिल्या. आमाला लई मजा वाटली. दुसऱ्या साली खिडकी नेली. आता सागवानाची खिडकी कोन जाळतो? होळीला दाखवली न् घरी नेली. मंग दर साली. शिमगा आला का बंगला."

"बाईंनी तक्रार नाही केली?"

"केली की. सरपंचाकडं गेली. खरिवल्यांचा बाप तवा सरपंच. तो म्हनला, बाय, शिमगा हाय, मनावर घेऊ नका, हसून सोडा."

"मग?"

"मंग ती हसाया लागली."

घरातून सुनेनं पाणी आणून दिलं. ती आत गेल्यावर धाकू पुढे सांगू लागला.

"शेवटच्या साली काय उरलंच नव्हतं. पोरं म्हनली, धाकू, तुझ्यात दम असंल तर पुढलं दार. मी काढलं. चौकटीसकट. ती आत हुती. दुसऱ्या दिशी हितं आली, हितंच, तुमी बसलाव तिथं उभी ऱ्हायली. म्हनली, धाकू, बाकीचं ऱ्हाऊ दे. दार तेवढं परत दे. समदी आळी बघाया जमलेली. मी म्हनलो, बाय, शिमग्याचं मागू नये."

"आणि?"

"समदे हसले. ती बी हसली. हसत हसत गेली. मंग दाराला तिनं चादर लावली." त्यानं पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "आषाढात पाऊस हुता. बाय त्यातच गेली."

माझ्या फाइलमध्ये तोवर शिरवंडच्या शिमग्यावर नऊ पानं झाली होती. चांगली झाली होती.

मी विचारलं, "हे तुम्ही तिला सांगणार?"

"इचारलं तर."

"ती कशाला विचारेल? धाकूदादा, ऐका. म्हातारी बाई, समुद्रापलीकडून येतेय. मनात आत्याचं एक चित्र घेऊन येतेय. ते मोडून आपल्याला काय मिळणार? आपण सांगू, आत्यानं आपल्या हातानं दिलं. हौसेनं. गावावर जीव होता म्हणून."

"दिलं नाय तिनं."

"मी बोलेन सगळं. तुम्ही फक्त मान हलवायची."

धाकूनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, तुमचा धंदा काय?"

"लिहितो. विनोदी."

"मंग बरोबर," तो म्हणाला, आणि काथ्या पुन्हा हातात घेतला.

घरी आल्यावर कुमुदनं विचारलं, "काय म्हणाला?"

"देतो म्हणाला."

"आणि एवढे दिवस का देत नव्हता?"

"म्हातारा आहे," मी म्हणालो. "डोकं फिरलंय."

रविवारी सकाळपासून गाव जोत्यावर लोटलं. रान साफ केलं होतं. सरपंचानं मांडव घातला होता, लाउडस्पीकर आणला होता. मी वस्तू हौसेनं मांडल्या होत्या. कठडा जिन्याच्या जागी, कपाटाची दारं भिंतीच्या जागी, खिडकीला मागून दोन बांबू. बंगल्याचा आकार कळत होता. मधलं बाकी सगळं हवेचं.

एस्तेरबाई टॅक्सीतून उतरल्या. ठेंगण्या, पांढरे केस कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, हातात खजुराचे डबे भरलेली पिशवी. त्या पायऱ्यांपाशी थांबल्या, चपला काढल्यासारखे बूट काढायला वाकल्या, आणि मग आपल्याच लक्षात येऊन हसल्या.

"वर गेल्यावर आत्या ओरडायची. चिखलाचे पाय!"

लोकांना बरं वाटलं. बाई आपल्यासारखी बोलते, हे बघून बायका पुढे सरकल्या. एस्तेरबाई एकेका वस्तूशी थांबत होत्या, हात लावत होत्या. "हा कठडा! यावरून मी घसरायची." "ही पेटी बाबांची." सरपंचाच्या खुर्चीपाशी त्या थबकल्या आणि तोंडाला रुमाल लावला.

"ही कुणी ठेवली होती?"

सरपंच पुढे झाला. "मी. आमच्या ग्रामपंचायतीत असते. सरपंचाची खुर्ची."

"यावर सरपंच बसतात?"

"पहिल्यापासून."

"आजोबांना म्हातारपणी परसाकडे लांब जाववत नसे. त्यांच्यासाठी केली होती ही. मधली फळी उचलते, बघा. खाली भांडं ठेवायचं."

सगळा मांडव खदखदला. सरपंच हसताना कानापर्यंत तांबडा झाला. "आम्हाला वाटलं, कागद ठेवायला आहे," तो म्हणाला, तेव्हा बायका एकमेकींवर पडल्या. मीही हसलो. सगळं कसं छान चाललं होतं.

मग मी बोललो. मी चांगलं बोलतो. शिमगा सांगितला, आमची म्हण सांगितली, फाटक सांगितलं. "मिलकाबाई दर वर्षी पायरीवर येऊन उभ्या राहायच्या आणि हसून म्हणायच्या, या रे, काय नेताय आज? घर संपलं, पण हसू संपलं नाही. दारसुद्धा त्यांनी आपल्या हातानं दिलं." माणसं माना हलवत होती. ज्यांनी खिडक्या नेल्या ते जास्त हलवत होते. कुमुद चहाचे पेले भरत होती, ती हलवत नव्हती.

एस्तेरबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "आत्या हसायची?" त्यांनी मला विचारलं.

"मनापासून."

"बाई गं." त्यांनी डोळे पुसले. "मग तिनं दिलंय ते सगळं तुमचंच. हे परत का आणलंत? आपापल्या घरी न्या. तिनं प्रेमानं दिलेलं मी कशी घेऊ? खजूर घ्या सगळे, आमच्याकडचे आहेत." आणि त्या स्वतः डबे उघडून वाटत वाटत पायऱ्यांखाली गेल्या. लोक हात पुढे करत होते. एखाददुसरा धोतराला पुसून मग पुढे करत होता.

तेवढ्यात चौघे जण दार घेऊन आले. पुढे धाकू. मागून त्याची सून कुमुदपाशी येऊन कुरकुरली, "घराला चादर बांधून आलेय, कोन बघंल, कुत्री शिरतील." चौघांनी चौकट पायऱ्यांच्या वर, तिच्या जागी उभी केली. ती डुगडुगत होती, म्हणून मी पुढे होऊन एक बाजू धरली. बाकीचे मागे सरले.

एस्तेरबाईंनी डबा खाली ठेवला. पायऱ्या चढून त्या दारापाशी आल्या. उजव्या हाताला बघितलं, हात उचलला, आणि तो तिथंच राहिला.

"हा इथंच आहे?"

"इथंच," मी म्हणालो. "बघा, जसा होता तसा. गावानं जपलाय. पूजा केलीय."

त्या नळीकडे बघत होत्या. कुंकवाकडे, दोन बारीक खिळ्यांकडे.

"तिनं दार दिलं, तेव्हा हा का नाही काढला?"

"म्हणजे?"

"दुसऱ्याला घर देताना हा आधी काढायचा असतो. माझ्या बाबांना दिला नाही तिनं. सख्ख्या भावाला. लोकांना होळीसाठी दार देताना राहू देईल?" त्या माझ्याकडे वळल्या. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "तुम्ही म्हणालात, आपल्या हातानं दिलं."

माझ्या हातात चौकट होती. तीस वर्षं दर आठवड्याला हजार शब्द लिहिलेला माणूस मी. मी म्हणालो, "गावात तसं सांगतात."

मी मांडवाकडे बघितलं नाही. पण सगळा मांडव माझ्याकडे बघतोय हे कळत होतं. सरपंच, बायका, खजुराच्या बिया हातात धरून उभे असलेले. मी रचलेलं त्यांच्याच नावावर टाकलं होतं.

"मी नेलं, बाय," धाकू खालच्या पायरीवरून म्हणाला. "दिलं नाय तिनं. ती हयात हुती. आत हुती."

"धाक्या," सरपंच दबक्या आवाजात म्हणाला.

"गप ऱ्हा. तुज्या बापानं बी हेच म्हनलं हुतं." मग एस्तेरबाईंना, "तिनं परत मागितलं. एकच मागितलं, ह्येच."

"मग?"

"मी म्हनलो, शिमग्याचं मागू नये."

"आणि ती काय म्हणाली?"

"काय नाय. हसली."

एस्तेरबाई पायरीवर बसल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी नुसता चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"आमच्या घरात तिला हसताना कोणी बघितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "फोटोत सुद्धा नाही. लहानपणी आम्ही पैज लावायचो, आत्याला कोण हसवतो."

मांडवात लाउडस्पीकर नुसताच घूं करत होता, तो कोणीतरी बंद केला.

"पकड आहे का कोणाकडे?"

टॅक्सीवाल्यानं आणून दिली. धाकू पुढे झाला. "मी काढून देतो, बाय."

"नको."

त्या स्वतः टाचा उंचावून खिळे काढू लागल्या. त्यांचा हात पुरत नव्हता, पकड निसटत होती. चौकट हलत होती, म्हणून मी ती दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरली. आमच्या दोघांच्या तोंडांत वीतभर अंतर होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पहिला खिळा निघाला. दुसरा वाकला आणि मग निघाला. त्यांनी नळी हातात घेतली. कुंकू पुसलं नाही. दोन बोटं तिला लावली, ओठांना लावली, ओठ तांबडे झाले. मग रुमालात गुंडाळून ती पिशवीत ठेवली, खजुराच्या रिकाम्या डब्यांवर.

खाली उतरताना धाकूपाशी थांबून त्या म्हणाल्या, "तुम्ही ह्याला उघड्यावर नाही ठेवलं." धाकूनं हात जोडले. ते जोडलेलेच राहिले.

कुमुद चहाचा पेला घेऊन टॅक्सीपर्यंत गेली. "चहा?"

"पाणी देता?"

पाणी त्या पूर्ण प्यायल्या. भांडं परत दिलं, कुमुदच्या गालाला हात लावला आणि गाडीत बसल्या.

गाडी गेली. मांडवातली माणसं जागची हलली नाहीत. मग एकानं कपाटाचं दार उचललं, डोक्यावर घेतलं आणि भर उन्हात घराची वाट धरली, कारण बाईंनी न्या म्हणून सांगितलं होतं. मग दुसऱ्यानं खिडकी. सरपंच खुर्ची एकटाच ओढत नेत होता, तिचे पाय मातीत रेघा काढत चालले होते.

मी अजून चौकट धरून उभा होतो. सोडली असती तर पडली असती. धाकू खाली उभा होता, त्याला हाक मारावी असं वाटत होतं, म्हणजे तो येऊन दुसरी बाजू धरील. कुमुद रिकामं भांडं घेऊन परत आली, पायऱ्यांखाली थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"धरा," ती म्हणाली. "तुम्हीच धरा."